धुडकूची झोप आणि मुका कॉम्प्युटर

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत देवाच्या खालोखाल मान कुणाला असेल, तर तो धुडकूच्या झोपेला. रात्रभर माग चालवून धुडकू सकाळी घरी यायचा, अंघोळ करायचा, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन पुढच्या खोलीत चटईवर आडवा व्हायचा, आणि तिथून पुढे गल्लीचा कारभारच बदलायचा. भाजीवाला आपली आरोळी गिळून हातगाडी ढकलत निघून जायचा. समोरची सखुबाई धुणं आपटायचं सोडून चोळायला लागायची. घरात कुकर तर लागायचाच नाही, वरण पातेल्यात शिजायचं. दारात कुणी आलं की धुडकूची बायको शोभाबाई ओठांवर बोट ठेवायची आणि खानदेशी बोलीत एवढंच म्हणायची, "माणूस झोपेल शे." या तीन शब्दांवर वर्गणीवाले परत गेले, पाहुणे परत गेले. एकदा धुडकूचा सख्खा साडू धरणगावहून आला होता, तोही बिचारा दुपारपर्यंत पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिला.

आता खरी गोष्ट सांगायची तर धुडकूला आवाजाचं काही म्हणजे काहीच वाटत नसे. ज्या माणसाचं उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, त्याला भाजीवाल्याची आरोळी काय उठवणार? कारखान्यात तो खांबाला टेकून उभ्या उभ्या डुलकी काढायचा. आजूबाजूचे सगळे माग धडधडत असले की त्याची झोप कशी गाढ लागायची. मात्र त्याच्या वाट्याच्या मागांपैकी एखाद्याची तार, म्हणजे ताण्याचा धागा, तुटली आणि तेवढा एक माग थांबला, की याचे डोळे उघडलेच. आवाजाने नाही, आवाज बंद पडल्याने धुडकू जागा व्हायचा. मागावर हाडं झिजवलेल्या पुष्कळ माणसांचं असंच होतं, पण ते कबूल करतात. धुडकूने नेमकं उलटं सांगून ठेवलं होतं.

ही थाप त्याने मारली ती लग्नानंतर लगेच. तेव्हा लिंबायतच्या एका खोलीत आईवडील, भाऊ, बहिणी आणि नवीन बायको असे नऊ जण राहायचे. रात्रपाळी करून आला की आई त्याला पाण्याच्या रांगेत उभं करायची, तिथून रॉकेलच्या रांगेत. एक दिवस धुडकू वैतागला आणि डोळे लाल करून म्हणाला, "जराही आवाज झाला की माझी झोप मोडते. उद्या मागावर डुलकी लागली आणि हात आत गेला, तर मग बस रडत." म्हातारी घाबरली. तिने घरात फतवा काढला, तो गल्लीत पसरला, पुढे गोडादऱ्याला घर केलं तिथेही सामानाबरोबर आला. थाप इतकी छान चालली की नंतर खरं सांगायची सोयच उरली नाही. इतकी वर्षं सगळ्या गोतावळ्याला पायाच्या बोटांवर चालायला लावून शेवटी "मी गंमत केली होती" म्हणणार कसं?

शिवाय त्याची शिक्षा धुडकू भोगतच होता. त्या सुनसान खोलीत त्याला झोप कुठली यायला! त्याला एकच आधार होता, छताचा जुना पंखा. तो पंखा खडखडायचा, किरकिरायचा, मधूनच आचके द्यायचा. त्या खडखडाटावर धुडकूचा कसाबसा डोळा लागायचा. मुलगा योगेश, जो कापड मार्केटच्या पार्सलांचा टेम्पो चालवायचा, दर उन्हाळ्यात म्हणायचा, "बाबा, नवा पंखा घेऊ." धुडकू दर उन्हाळ्यात म्हणायचा, "जुनं ते मजबूत." आणि थंडीतही हा गृहस्थ गोधडी डोक्यावर ओढून वर पंखा लावून झोपायचा. एवढ्या मोठ्या गल्लीत हे कुणालाही विचित्र वाटलं नाही. वाटलं ते फक्त सुनेला.

सून म्हणजे दिपाली. माहेर भेस्तानचं, जन्म सुरतेचा, तोंडात मराठी, गुजराती, हिंदी एकाच वेळी. मार्केटमधल्या एका डिझाइनच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ आणि बुट्टे काढायची. घरात धुडकूशी मोठ्याने बोलणारी ती एकटीच. बाकीचे त्याच्याशी कुजबुजायचे, ते त्याला ऐकू यायचं नाही, आणि तो सगळ्यालाच "हां हां" म्हणायचा. अशा "हां हां"मधून त्याने एकदा मेहुण्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीचा खर्च उचलला होता. दिपाली मात्र समोर उभी राहून खणखणीत आवाजात म्हणायची, "मामा, चहा!" धुडकूचा या पोरीवर फार जीव होता.

त्या थंडीत दिपालीवर संकट आलं. शेठने ऑफिस उचलून पलसाण्याला, रंगाई-छपाईच्या मिलांजवळ न्यायचं ठरवलं. गोडादऱ्याहून पलसाणा म्हणजे रोजचा दिवस बसमध्येच जाणार. शेठ माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "घरी आपला कॉम्प्युटर बसव, डिझाइन घरून पाठव, काम चालू. नाही जमलं तर पलसाण्याची मुलगी बघतो." काम सुटलं तर पुढे काय, हे दिपालीला पक्कं माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्या बाया करायच्या तेच: मांडीवर साडी घेऊन तिला टिकल्या चिकटवत बसायचं. आणि ती साडी कुणा दुसरीने काढलेल्या काठाची असणार, हे तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं.

शेठनेच ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर बघायला म्हणून दिला. योगेशने तो टेम्पोतून आणला. गोणीएवढा डबा, आत पंख्यांची गर्दी. धुडकू नुकताच आडवा झाला होता आणि नेहमीप्रमाणे छताकडे बघत पडला होता. दिपालीने बटण दाबलं मात्र, खोलीत असा काही घुमारा भरला की धुडकूच्या अंगावर सुखाचा काटा आला. हा तर कारखाना! छताच्या पंख्याची खडखड, डब्याची घरघर, दोन्ही मिळून अगदी पाळी ऐन रंगात आल्यासारखं. धुडकू क्षणात गाढ झोपला. कितीतरी वर्षांत घरी असा झोपला नसेल.

शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात देऊन उभी होती. दिपालीने घाईघाईने एक डिझाइन उघडून बघितलं आणि मशीन बंद केलं. घुमारा थांबला. तोच धुडकू चटईवरून ताडकन उठला, दोन्ही हात हवेत घालून ओरडला, "तार तुटनी! तार तुटनी!" आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन आदळला.

"देख व माय!" शोभाबाई कडाडली. "उठाडी दिनं ना माणूसले!"

खटला तिथेच निकालात निघाला. मशीन घराबाहेर. दिपालीचे डोळे भरून आले, तेव्हा शोभाबाई जराशी विरघळली, पण जराशीच. आवाज न करणारं मशीन आण, म्हणाली, मग ठेव. आणि जागा दाखवली: भिंतीतल्या फळीवर पिठाचा डबा आणि लोणच्याची बरणी यांच्या मधली. "तठे बसनं पाहिजे," ती म्हणाली. "आनि माणूसले आयकू येवाले नको."

धुडकू कॅलेंडर हातात धरून उभा होता. एका वाक्यात पोरीची सुटका करणं त्याच्या हातात होतं. 'अगं, मला आवाजाने झोप मोडत नाही.' झालं! ते वाक्य जिभेवर आलं, आणि साडू, वर्गणीवाले, सखुबाई, स्वर्गवासी आई अशी सगळी मंडळी त्याच्या डोळ्यांपुढे रांगेत उभी राहिली. धुडकूने वाक्य गिळलं आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावलं, तेही उलटं. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की त्या दिवशी त्याने दुसऱ्या भाकरीला हात लावला नाही.

संध्याकाळी पाळीला निघताना तो कोपऱ्यावरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चहाला थांबला, तर मागून दिपाली हजर.

"मामा, एक विचारू?"

"इचार ना."

"मशीन चालू होतं तेव्हा तुम्ही घोरत होता. मी बंद केलं तेव्हा उठलात."

धुडकूने चहाचा एवढा मोठा घोट घेतला की जीभ पोळली.

"आणि तो पंखा," दिपाली गोड आवाजात म्हणाली. "चमचा पडला तर ज्यांची झोप मोडते, ते थंडीत गोधडी घेऊन त्या पंख्याखाली झोपतात. मला आपलं नवल वाटतं."

धुडकूने इकडे तिकडे बघितलं. लारीवाला ऐकत नव्हता. "लोचो खाशी का?" त्याने विचारलं.

"खाईन. बटर मारके. पण तेवढ्याने नाही भागायचं."

हरभऱ्याच्या डाळीच्या त्या गरम लोचोच्या दोन प्लेटा संपेपर्यंत तह ठरला. ती शोभाबाईपुढे चकार शब्द काढणार नाही, आणि मशीन खरंच बिनआवाजाचं बनवायला धुडकू तिच्याबरोबर येईल. तिला यात त्याची एवढी गरज नव्हती. पण सासरा बरोबर असला की शोभाबाई विचारत नाही, हे तिने हेरलं होतं. पोरगी पक्की सुरती होती.

सुट्टीच्या दिवशी दोघं स्टेशनकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. पैसे तिने आणि योगेशने मिळून बाजूला टाकलेले, त्यावर एक रुपया नाही. दुकानदाराने पहिल्या झटक्यात काचेचा एक डबा दाखवला. आत लाल-निळे दिवे, सात पंखे, गणपतीच्या मंडपासारखा लखलखाट. धुडकूला तो फार आवडला. दिपालीने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्याला आपण कशाला आलोय ते आठवलं.

"आवाज?" त्याने दुकानदाराला विचारलं.

"काका, अवाज तो आवे ज ने! मशीन छे!"

"तो अमने नथी जोईतुं," मग आम्हाला नकोच, असं धुडकूने सांगून टाकलं.

मग दिपालीने आपलं काम सुरू केलं. डिझाइनच्या क्लासात आणि ऑफिसात ती कॉम्प्युटर उघडे पडलेले नेहमी बघायची. तिचा हिशेब साधा होता: जे फिरतं ते वाजतं, तेव्हा फिरणारं शक्य तितकं कमी ठेवायचं. चित्र दाखवायला वेगळं कार्ड घेतलं की त्याचा पंखा आलाच, म्हणून ज्या प्रोसेसरच्या पोटातच ती सोय असते तसला घ्यायचा, कमी वीज खाणारा, कमी तापणारा. साड्यांच्या काठांना त्याहून जास्त लागत नाही. फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, जिच्यात हलणारं काहीच नाही. वीज द्यायला आत पंखेवाला डबा न ठेवता बाहेर लॅपटॉपसारखा अडॅप्टर. सगळ्यात मिळून एकच पंखा, तोही मोठा आणि संथ, कारण छोटा पंखा जोरात फिरतो आणि किंचाळतो. लहान बोर्ड नवा परवडणारा नव्हता. कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसातून निघालेला जुना मिळाला, तिने तो तिथल्या तिथे चालवून बघितला. आणि कॅबिनेट पापडाच्या डब्याएवढं, एका कोपऱ्यात पोचा पडलेलं, म्हणून स्वस्त.

धुडकूचं काम परीक्षकाचं. बारीक आवाज त्याच्या कानांना कधीच सोडून गेले होते, म्हणून तो मशीनवर तळहात ठेवून डोळे मिटायचा. मागाचं दुखणं कारागीर असंच ओळखतात. दुकानदाराला वाटलं, काका आशीर्वाद देतायत. त्यानेही हात जोडले.

घरी जोडणी झाली तेव्हा पंखा चालू झाला की पत्र्याला हलकी थरथर यायची. दिपालीला ती ऐकू येत होती, धुडकूला हाताला लागत होती. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातून मागाच्या पायाखाली घालतात त्या रबराचा टाकाऊ तुकडा आणला. दिपालीने त्याच्या चकत्या कापून पंख्याच्या स्क्रूंखाली बसवल्या. धुडकूने तळहात ठेवला. काहीच नाही. दिपालीने कान लावला. काहीच नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चोरी पचल्यासारखी हसली.

परीक्षेचा दिवस उजाडला. धुडकू जेवून आडवा झाला. मशीन फळीवर, पिठाचा डबा आणि लोणच्याची बरणी यांच्या मधे अगदी मापात बसलेलं. खाली स्टुलावर दिपाली, समोर पडद्यावर गुलबक्षी रंगाचा मोरांचा काठ.

"चालू कर ना व माय," शोभाबाई म्हणाली.

"चालूच आहे, आत्या."

शोभाबाईने फळीला कान लावला, मग बरणीला, मग चुकून पिठाच्या डब्याला. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण ती न्यायाला पक्की. "पंख्याना आवाजमा काय समजी?" असं म्हणून तिने छताच्या पंख्याचं बटण खट्कन बंद केलं.

धुडकू पडल्या पडल्या मंदावत चाललेल्या पात्यांकडे बघत राहिला.

पंखा थांबला. मशीन मुकं. गल्ली मुकी, कारण गल्लीला त्यानेच मुकं केलं होतं. अशा भयाण शांततेत धुडकू जन्मात झोपला नव्हता. आणि आज झोपला नाही तर शोभाबाई म्हणणार, बघ, मशीनने माणसाला झोपू दिलं नाही. मग पोरगी टिकल्या चिकटवत बसणार, आणि पाप कुणाचं? धुडकूचं. मशीनमध्ये खोट नव्हती, पोरीमध्ये खोट नव्हती, सगळी खोट या चटईवर पसरली होती.

त्याने डोळे मिटले आणि सोंग घेतलं. आधी श्वास लांब केला. मग हलकी घरघर. मग घोरणं सुरू केलं, आणि भीतीपोटी ते जरा जास्तच चढलं. मधे एक शिट्टीही घातली. नाकावर माशी बसली, ती त्याने सहन केली. पाठीला खाज सुटली, तीही सहन केली. शोभाबाई शेजारी येऊन बसली, हे त्याला बांगड्यांवरून कळलं नाही, तिच्या अंगाच्या फोडणीच्या वासावरून कळलं. धुडकू जीव तोडून घोरत राहिला.

शेवटी ती म्हणाली, "पास." दिपालीने टाळी वाजवायला हात उचलले, मग आठवण होऊन ते तसेच तोंडावर दाबले. आनंदाच्या भरात ती फोन घेऊन शेठला कळवायला बाहेर पळाली.

ती गेल्यावर शोभाबाई वाकली आणि धुडकूच्या कानाशी, कुजबुजून नव्हे, चांगलं ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "उठा आते. नाटक पुरे."

धुडकूचं घोरणं अर्ध्यावर अडकलं. त्याने एक डोळा उघडला.

"तुम्ही खरोखर झोपतस तवय तुम्हना अंगठा नि बोट गाठ बांधत ऱ्हातस," ती म्हणाली. "तुटेल तारनी गाठ. आज एकबी बांधाई नही."

धुडकूने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा. त्याला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे हिने रोज बघितलं असणार, कोणत्या दिवशी गाठी पडल्या आणि कोणत्या दिवशी हा नुसता पडून राहिला. लिंबायतपासून.

"मंग इतला वरीस बोलनी का नही?" त्याने विचारलं.

"काब्रं बोलू?" शोभाबाई म्हणाली. "नऊ जणसनं घर. दिनभर शोभा हाई आन, शोभा ते आन. पाठ टेकाले जागा नही. तुम्ही झोपनात का समदा गप. सासूबी गप. तेवढाच येळ मना व्हता." मग जरा लाजून म्हणाली, "दार लोटीसन, पाय लांब करीसन बसू."

धुडकू उठून बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण सगळ्यांना गंडवतोय. सासूच्या घरात सुनेने पाय पसरून बसायचं म्हणजे काय, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं, आणि आपल्या हातून नकळत का होईना काहीतरी बरं झालं म्हणून बरंही वाटलं, आणि या दोन्हींचं काय करावं ते न कळून त्याने पाठ खाजवून घेतली.

"पण मंग पोरीना पहिलं मशीन काब्रं परत धाडं?"

"तो दणका चालू ऱ्हाता ते मन्ही शांतता कोठे ऱ्हाती?" शोभाबाई म्हणाली आणि उठून छताच्या पंख्याचं बटण दाबलं. पंखा खडखडत सुरू झाला. "याची सवय शे माले. झोपा आते."

धुडकू खरंच आडवा झाला. पण डोळा लागतो न लागतो तोच दारात चपला वाजल्या. समोरची सखुबाई, हातात साडीचा गठ्ठा, गप्पा मारत टिकल्या लावायच्या बेताने आलेली. दिपाली फोन करून नुकतीच स्टुलावर बसली होती. शेठने लगेच एक काठ मागितला होता, आजच. ती पडद्यावरून मान न उचलता कावरीबावरी झाली. सखुबाई एकदा बसली की तिन्हीसांजेशिवाय उठत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत.

धुडकूने हे सगळं पापण्यांच्या फटीतून बघितलं आणि छातीभर श्वास घेऊन असा घोरला की पिठाच्या डब्याचं झाकण थरथरलं. शिट्टीसुद्धा घातली. आणि या वेळी अंगठा आणि बोट चोळून एकामागून एक गाठी बांधायला विसरला नाही.

शोभाबाईने ओठांवर बोट ठेवलं. "माणूस झोपेल शे."

सखुबाई जीभ चावून उलट्या पावली परत गेली. शोभाबाईने दार लोटलं आणि खाली बसली. दिपालीने स्टूल जरा सरकवून तिला जागा करून दिली. फळीवर मशीन चालू होतं, याची खूण एवढीच की पडद्यावर एक मोर दुसऱ्या मोराला जोडला जात होता. शोभाबाई थोडा वेळ मांडी घालून ते बघत राहिली. मग तिने सुनेच्या देखत, पहिल्यांदाच, भिंतीला पाठ टेकून दोन्ही पाय लांब केले.

"मामा झोपेत गाठी बांधतात त्या उजव्या हाताने, आज डाव्या हाताने बांधल्या," दिपाली हळूच म्हणाली.

"बांधू दे," शोभाबाई म्हणाली.

धुडकूला यातलं काही ऐकू आलं नाही. तो मन लावून घोरत होता.